घंटा रेल्वेची, पाळी विहिरीची

रेल्वेत आयुष्य घातलेल्या माणसाला दिवाळी अंकवाले आधी अपघात मागतात. अपघात नसेल तर दरोडा, आणि दरोडाही नसेल तर निदान सिग्नलखाली उभी राहणारी पांढऱ्या साडीतली बाई. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या रुळांवरून गेल्या आणि रुळांवरच राहिल्या. पांढऱ्या साडीतली बाई एकदा भेटली, पण ती नर्स होती आणि तिला केडगावला जायचं होतं.

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं नाटक घडलं तेव्हा स्टेशनात गाडी नव्हती, यायचीही नव्हती, आणि मी कामावर नव्हतो. त्यामुळे ते मला पहिल्या रांगेत बसून, पाय पसरून बघता आलं.

स्टेशनचं नाव तरवडमाळ. नकाशात शोधू नका. नाव मी बदललं आहे, कारण तिथली माणसं वाचतात आणि वाचून भेटायला येतात. दौंड जंक्शन म्हणजे मोठा पसारा. इंजिनांची शेड, कोळशाचे ढीग, चहूकडे जाणाऱ्या लाईनी. त्या पसाऱ्याच्या एका कडेला, मोठ्या घरी आलेल्या गरीब पाहुण्यासारखी, अरुंद रुळांची धाकटी गाडी उभी असायची. मेलमधून उतरलेला माणूस तिच्याकडे बघून आधी हसायचा आणि मग तिच्यातच बसायचा, कारण त्याच्या गावाला दुसरं काही जात नव्हतं. ही गाडी दौंडहून निघाली की धापा टाकत एक लांब चढ चढायची आणि माथ्यावर दम खायला थांबायची. इंजिन थांबतंय म्हणून तिथे पाण्याची टाकी आली, टाकी आली म्हणून स्टेशन आलं. काळ्या दगडाच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढे पडवी, समोर लिंब. सरकारी इतिहास इतकाच.

गावचा इतिहास याहून रंगीत होता. गावातले मोठे बागाईतदार आप्पा सांगायचे, "आमच्या आज्यानं रुळात हुभं ऱ्हाऊन इंजिनाला हात दावला. सायेब म्हनला, व्हू आर यू? आजा म्हनला, जमीन माझी हाय, गाडी थांबली पायजे. तवापास्नं थांबतीया."

आमचा पॉइंट्समन केरबा हे ऐकून घ्यायचा आणि आप्पा गेले की मला सांगायचा, "मास्तर, ह्यो चढ माझ्या आज्यानं आन् भावकीनं खांदलाय. तवा तितं हात दावायला कुणाचाबी हात मोकळा नव्हता."

केरबा बौद्धवाड्यातला पहिला पगारदार माणूस. सांधा बदलणं, सिग्नलचा दांडा ओढणं, दिवे लावणं आणि घंटा वाजवणं ही त्याची कामं. मी असिस्टंट स्टेशन मास्तर, विशीतला, अविवाहित, आणि टोपी घातल्यावर स्वतःला आगगाडीचा मालक समजणारा. माझ्यावर एक थोरले मास्तर होते. ते या गोष्टीत येणार नाहीत. का, ते कळेलच.

आता घंटेबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं स्टेशनची घंटा पितळेची, देवळातल्यासारखी. आमची म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, पडवीच्या तुळईला साखळीने टांगलेला, शेजारी खिळ्यावर लोखंडी दांडा. रूळ टाकून झाल्यावर उरलेला तुकडा असावा. त्यावर कुठल्याशा विलायती कारखान्याची अक्षरं होती, पण ठोके खाऊन खाऊन ती झिजली होती. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली, असा निरोप मला यंत्रावर आला की मी केरबाला खूण करायची आणि त्याने सावकाश, सुटे सुटे ठोके द्यायचे. म्हणजे गाडी येतेय, तयार राहा. गाडी आमच्याकडून सुटताना दोन ठोके, लागोपाठ, घाईचे. माळावर वारा योग्य असला तर ही घंटा पार शिवेपर्यंत ऐकू जायची.

आणि सगळं गाव तिच्यावर चालायचं. सकाळी दौंडकडून येणाऱ्या गाडीची घंटा झाली की शाळा भरायची. संध्याकाळी परतणाऱ्या गाडीची घंटा झाली की बायका चुलीवर तवा टाकायच्या. एक म्हातारा तर औषधाची गोळी घंटेवर घ्यायचा. गावात मनगटी घड्याळं दोन-चार होती, पण ती लग्नात मिळालेली असल्याने लग्नातच चालायची.

अडचण एकच होती. घंटा गाडीवर चालायची आणि गाडी देवावर. सकाळची गाडी दौंडहून सुटायची, त्यामुळे ती बऱ्यापैकी वेळेवर. संध्याकाळची मात्र लाईनीच्या त्या टोकाकडून यायची. ती मिश्र गाडी होती, म्हणजे माणसांच्या डब्यांमागे मालाचे डबे. वाटेत कुठे गुळाच्या ढेपा चढव, कुठे रिकामा डबा सोड, असं करत ती यायची. सूर्य बुडायच्या आधी अपेक्षित असलेली ही गाडी दिवे लागल्यावर आली, तरी कुणी तक्रार करायचं नाही.

तक्रार करायची फक्त एक बाई. तान्हूबाई.

तान्हूबाई म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा गेलेला, दोन्ही लेकी सासरी. जमिनीच्या वाटण्या झाल्या, पण विहीर वाटता येत नाही. ती दोघांत राहिली, तिच्यावरचं ऑइल इंजिनही दोघांत राहिलं. कालवा खाली, आमचा माळ वर, त्यामुळे विहीर हेच सर्वस्व. अशा ठिकाणी पाळी असते. पाळी म्हणजे अमुक वेळ पाणी तुझ्या पाटात, मग माझ्या पाटात. पंच स्टेशनासमोरच्या लिंबाखाली बसले, तेव्हा आप्पांनी तोडगा काढला होता. दिवसा पाणी आप्पांचं, रात्री तान्हूबाईचं. आणि पाळी बदलायची कधी? आप्पा म्हणाले होते, "घड्याळं खोटी पडत्यात. घंटा समद्यास्नी ऐकू येती. सकाळच्या घंटंला पाळी माझी, सांजच्या घंटंला तिची. घंटा न्हाई तर पाळी न्हाई."

पंचांनी माना डोलावल्या. किती सरळ माणूस! संध्याकाळची गाडी रोज लेट असते, म्हणजे दिवसाची पाळी रोज लांबणार आणि रात्रीची रोज आखडणार, हे पंचांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तान्हूबाईच्या आलं होतं. पण थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती गप्प बसली.

दिराशी थेट बोलायचं नाही म्हणून तिने एक वाट शोधून काढली होती. ती म्हशीशी बोलायची. आप्पा बांधावरून चालले की म्हशीला विचारायची, "का गं, आज बी गाडी मेली का वाटंत? तुझ्या घासाला पानी कवा मिळायचं?" आप्पा ऐकायचे आणि म्हशीकडे न बघता पुढे जायचे. कधीकधी ती स्टेशनात यायची. "मास्तर, जरा लौकर बोलवा की गाडीला. अंधारात खोरं कुटं टाकतीया ते दिसत न्हाई. परवा फुरशावर पाय पडता पडता ऱ्हायला."

मी म्हणायचो, "ताई, गाडी माझं ऐकत नाही."

"मग तुमाला टोपी कशाला दिलीया?"

मी टोपी काढून काखेत मारली.

अशी वर्षं गेली आणि चौऱ्याहत्तरचा मे आला. देशभर रेल्वेचा संप झाला, तो तुम्हाला आठवत असेल किंवा वाचून माहीत असेल. मोठ्या लाईनीवर काही गाड्या कशाबशा चालवल्या गेल्या. आमच्या धाकट्या लाईनीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ती साफ बंद. थोरले मास्तर रजा मंजूर व्हायच्या आधीच रजेवर गेले. ऑफिसला कुलूप. मी आणि केरबा संपावर, म्हणजे लिंबाखाली. आमच्यावर आणि रेल्वेच्या मालमत्तेवर नजर ठेवायला एक हवालदार आले. ते शिरूरकडचे, तळेगाव ढमढेरेच्या बाजारात बंदोबस्त करून करून पिकलेले, पोटाने आणि स्वभावाने ऐसपैस.

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून भाकरी काढली आणि सांगितलं, "आमच्या शिरूरला रेल्वे न्हाई, त्यामुळं संपबी न्हाई. मला ह्यातलं काय कळत न्हाई. तुमाला धरायचं का न्हाई ते वरनं कळवतो म्हनलेत. कळवलं की धरतो. तंवर ठेचा घ्या."

संपाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची गाडी गेली होती. केरबाने घंटा दिली होती. त्या घंटेला पाळी तान्हूबाईची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली नाही, घंटा झाली नाही. ऊन वर आलं. आप्पा खांद्यावर खोरं टाकून विहिरीवर गेले, तर पाणी भुईमुगात चाललेलं आणि तान्हूबाई बांधावर पाय सोडून बसलेली. आप्पा खाकरले. ती हलली नाही. आप्पा परत खाकरले. ती म्हशीला म्हणाली, "ऐकलंस का? घंटा झाली? माज्या तर कानाव आली न्हाई."

आप्पा तरातरा स्टेशनात आले. हे सगळं मी लिंबाखालून बघतच होतो. विहीर समोर, मध्ये फक्त रूळ.

"केरबा, घंटा का दिली न्हाई?"

"गाडी न्हाई, आप्पा."

"गाडी नसू दे. मला गाडीत कुटं बसायचंय? तू आपला ठोका दे."

"संप हाय, आप्पा. ठोका दिला तर काम केल्यागत हुईल."

"अरं, एका ठोक्यानं दिल्ली का पडतीया?"

"पडंल का न्हाई म्हाईत न्हाई. पर मी पडंन."

आप्पा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकल्यालं. तुम्ही तरी सांगा."

मी छातीवर हात ठेवून अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणालो, "आप्पा, मीही संपावर आहे. सांगणं हेच माझं काम." खरं सांगतो, त्या महिन्यात पगार कापला गेला, पण या वाक्यात तो वसूल झाला.

मग आप्पांनी हवालदारांना गाठलं. भावजय पाणी चोरते, अशी तक्रार. हवालदारांनी नियम समजावून घेतला. दोनदा घेतला. मग विचारलं, "घंटा झाल्याबिगर पाळी बदलायची न्हाई, ह्यो कायदा केला कुणी?"

"मीच केला."

"मग गुन्हा कुणाचा, आप्पा? तुमालाच आत घ्यावं लागंल की."

ते दिवस मेचे. ऊस तहानेला आला की त्याची पानं आधी गुंडाळतात, जणू अंग चोरून घेतात. आप्पांच्या उसाची पानं सुऱ्यांसारखी उभी राहिली. बांधाच्या या अंगाला तान्हूबाईचा भुईमूग हिरवागार, म्हशीचा लसूणघास कमरेला, आणि ती दिवसाउजेडी पाणी धरतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं पाणी कुठे चाललंय ते दिसत होतं. ती पाटात पाय बुडवून उभी राहायची आणि पाण्याकडे बघत राहायची. रात्री इंजिन बंद करून झोपायची, तरी पाळी तिचीच.

आप्पांनी हार मानली नाही. त्यांनी आपल्या चिंचेला नांगराचा फाळ टांगला आणि गड्याकडून हुबेहूब सुटे सुटे ठोके द्यायला लावले. शाळेतली पोरं सुट्टीवर असूनही दप्तर घेऊन धावली. म्हाताऱ्याने गोळी घेतली. तान्हूबाई जागची उठली नाही. मोठ्याने म्हशीला म्हणाली, "फाळाचा आवाज आन् रुळाचा आवाज मला कळत न्हाई व्हय? घंटा म्हंजी टेशनची घंटा. पंचाम्होरं ठरलंय."

मग आप्पा मऊ झाले. केरबाकडे आले, शेजारी जमिनीवरच बसले. हे मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हणाले, "केरबा, आरं ऊस जळतोय. लेकरागत वाढीवलाय. तुला काय पायजे ते सांग."

केरबाच्या क्वार्टरच्या दाराला त्याच सकाळी नोटीस लागली होती, कामावर या नाहीतर खोली रिकामी करा. त्याची बायको आतली भांडी मोजून पोत्यात भरत होती. तो म्हणाला, "आप्पा, त्या हिरीचं पानी माज्या आज्याला वरनं वाढायचे. त्यानं ओंजळ धरायची आन् तुमच्या आज्यानं वतायचं. आज त्याच पान्याची पाळी माज्या हातात हाय म्हनता. मला लई बरं वाटायला पायजे. पर न्हाई वाटत, उसाकडं बघून. तरीबी घंटा न्हाई देणार. खोली गेली तरी न्हाई."

आप्पा उठले आणि गेले. हवालदारांनी ठेचा पुढे केला, पण त्या दिवशी कुणाला भूक नव्हती.

ही गोष्ट गावभर झाली. बायका तान्हूबाईला येऊन सांगू लागल्या, आता पुरे कर. काही म्हणाल्या, अजिबात सोडू नको, जळू दे. ती ऐकायची आणि खोरं घेऊन पाटाकडे वळायची. दुपारी आमच्यासाठी भाकरी आणि घासाच्या कोवळ्या पाल्याची भाजी घेऊन यायची, कारण संपवाल्यांचं पोट तिने आपल्या अंगावर घेतलं होतं. एकदा मी विचारलं, "ताई, कधी सोडणार पाळी?"

"माजं जेवान झालं की."

"म्हणजे कधी?"

"किती वर्सं अर्ध्या पोटी उठले ते त्येनीबी मोजलं न्हाई, मीबी मोजलं न्हाई. पोट भरलं की मानसाला कळतं, मास्तर. कुणी सांगावं लागत न्हाई."

आणि एका सकाळी तिचं जेवण झालं.

बरोबर गाडीच्या वेळेला, म्हणजे गाडी आली असती तर ज्या वेळेला आली असती त्या वेळेला, ती रूळ ओलांडून आली. पडवीत चढली. केरबाला म्हणाली, "केरबा, दे घंटा."

"ताई, मी संपावर हाय."

"बरं." तिने पदर खोचला, खिळ्यावरचा दांडा काढला आणि दोन्ही हातांनी रुळाच्या तुकड्यावर असा हाणला की लिंबावरचे कावळे उडाले.

हवालदार दचकून उठले. "मास्तर, ह्यो गुन्हा व्हतो का?"

"मी संपावर आहे, हवालदार. नियम सांगू शकत नाही."

त्यांनी डोकं खाजवलं. "मला रूळ, सिग्नल आन् पान्याची टाकी संबाळायला सांगितलीया. घंटंचं कुणी काय बोललं न्हाई." आणि ते पुन्हा बसले.

तिने आणखी ठोके दिले. सावकाश, सुटे सुटे, अगदी केरबासारखे. इतकी वर्षं अंधारात कान लावून ऐकले होते तिने ते.

गाव पळत आलं. संप मिटला, गाडी आली! सर्वांच्या पुढे आप्पा, एका पायात वहाण, धोतराचा सोगा हातात. प्लॅटफॉर्मवर येऊन त्यांनी रुळांच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. "गाडी कुटं हाय?"

तान्हूबाईने दांडा खिळ्याला अडकवला. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सारखा केला नाही. आणि माझ्या देखत, गावाच्या देखत, ती पहिल्यांदा दिराशी थेट बोलली.

"गाडी न्हाई, भावजी. घंटा झालीया. पाळी तुमची."

आप्पा तसेच उभे. बहुधा त्यांना आवाज ओळखू आला नसावा.

"उसानं माजं काय वाईट केलं न्हाई," ती म्हणाली. "मामंजींनी माळ तोडून केल्याल्या रानात हाय त्यो. जावा, पानी फिरवा."

ती घरी गेली. आप्पा विहिरीवर गेले. थोड्याच वेळात इंजिनाचा ठकठक आवाज सुरू झाला आणि पाणी उसात शिरलं. गाव पांगलं. पण आम्ही लिंबाखालचे तिघे मात्र एकमेकांकडे बघत होतो, कारण खरा पेच आता सुरू झाला होता आणि तो तान्हूबाईने उघड्या डोळ्यांनी ओढवून घेतला होता. पाळी आता आप्पांची. गाडी नाही, म्हणजे संध्याकाळची घंटा नाही. घंटा नाही तर पाळी नाही. संप कधी मिटेल कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांनी स्वतःचाच नियम दाखवला असता तर मेचा उरलेला सगळा महिना पाणी त्यांचं. आणि तान्हूबाई पुन्हा येऊन घंटा द्यायला लागली, तर आपली पाळी आपणच मागून घेतल्यासारखं झालं असतं. ते पंच मानणार नव्हते, आणि तिला ते करायचं नव्हतं, हेही तिच्या चालण्यावरून दिसत होतं.

"न्हाई सोडायचा आप्पा," हवालदार म्हणाले. "मी लई आप्पा बघितल्यात."

केरबा म्हणाला, "बगू."

दुपार सरली. इंजिन चालूच. उन्हं कलली. इंजिन चालूच. तान्हूबाई आपल्या दाराशी बसून गवत निवडत होती. विहिरीकडे तिने एकदाही मान वळवली नाही. नाटकात पडदा पडायच्या आधी तालीममास्तर ओठ चावतो, तसा मी ओठ चावत होतो.

मग विहिरीवरून आप्पा येताना दिसले. चिखलाने माखलेले पाय, खांद्यावर खोरं. प्लॅटफॉर्मवर चढले, बाकावर बसले. तंबाखू मळली. बराच वेळ मळली. गाडीची वेळ झाली तशी लिंबाची सावली टाकीच्या पायाला लागली, आणि ते उठले. इकडेतिकडे बघितलं, जणू परक्याच्या घरात शिरतायत. दांडा काढला आणि घाईघाईने दोनदा ठोकला.

केरबा कळवळला. हात खिशात ठेवूनच तो म्हणाला, "आप्पा, ह्ये सुटल्याचं ठोकं झालं. गाडी गेली असं झालं की! सावकाश द्या. सुटं सुटं."

"मला शिकवू नगंस," आप्पा म्हणाले आणि सावकाश दिले. सुटे सुटे.

पलीकडे तान्हूबाई उठली, खोरं घेतलं आणि विहिरीकडे निघाली. अजून चांगला उजेड होता.

त्यानंतर संप मिटेपर्यंत रोज असंच चाललं. सकाळी रात्रपाळी संपवून ती घंटा द्यायची, संध्याकाळी दिवसपाळी संपवून ते द्यायचे. माझ्या अख्ख्या नोकरीत तरवडमाळची घंटा दोन्ही वेळा ठरल्या वेळी वाजली, ती फक्त तेवढे दिवस. कुणी हे दौंडच्या वरिष्ठांना सांगितलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

संप मागे घेतला गेला तो हरूनच. केरबाची खोली वाचली, संपापायी कापली गेलेली नोकरीतली काही वर्षं मात्र त्याला पुढे बराच काळ भांडून मिळवावी लागली. माझ्या नावावरही एक शेरा आला. हवालदारांना आम्हाला धरायचा निरोप शेवटपर्यंत आला नाही. जाताना त्यांनी उरलेला ठेचा केरबाच्या बायकोला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसले, दौंडपर्यंत, खिडकीची जागा धरून.

गाड्या सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आप्पा संध्याकाळी स्टेशनात आले. हातात पिशवी. विहिरीवरच्या इंजिनाचा काहीतरी भाग मोडला होता, तो बदलून आणायला दौंडला जायचं होतं. बाकावर बसले. गाडीची वेळ झाली, उलटून गेली. मागच्या स्टेशनाचा निरोप नाही, त्यामुळे घंटा नाही. केरबा दांड्याशेजारी उभा, मी टोपी घालून दारात. सूर्य टेकला. समोर, रुळांच्या पलीकडे, तान्हूबाई भुईमुगात खोरं घेऊन उभी होती. इंजिन आजारी, तरी तिने विहिरीवरच्या हौदातलं साठलेलं पाणी आपल्या पाटात घेतलं होतं. आप्पांना ते बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होतं. घंटा झाली नव्हती. ते जागचे उठले नाहीत.

मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या, आवाजात तक्रार.

"मास्तर," ते म्हणाले, "ही गाडी रोज अशीच लेट असती व्हय हो?"